धुरावर पहारा ठेवणारा किरण

जुन्या कौलारू घरांत दुपारीं छपराच्या फटींतून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो. चुलींतील ओलें लाकूड धुमसूं लागलें, कीं तो उजेडाचा ठिपका फिकट होतो. या नित्याच्या अनुभवावरच मोठमोठ्या वखारींत व कारखान्यांत वापरण्यांत येणाऱ्या एका यंत्राची उभारणी झालेली आहे. त्याला बीम डिटेक्टर म्हणतात. आपण त्यास किरण-धूरशोधक म्हणूं.

एका भिंतीवर, छताजवळ, लहानशी पेटी बसविलेली असते. तींतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा झोत निघतो. कांहीं यंत्रांत समोरच्या भिंतीवरील दुसरी पेटी तो ग्रहण करते. कांहींत समोर केवळ लोलकांचा परावर्तक असतो व झोत उलट पहिल्या पेटीकडे येतो. किती प्रकाश पोंचला याचें मोजमाप अहोरात्र चालूं असतें. तो ठरविलेल्या प्रमाणापेक्षां, समजा 35 टक्क्यांनीं, घटला व कांहीं सेकंद तसाच राहिला, म्हणजे गजर होतो. उलट, झोत एकाएकीं पुरता तुटला, तर यंत्र त्यास धूर समजत नाहीं. धूर हळूहळू दाटतो. एका क्षणांत आडवी येते ती शिडी किंवा गाठींची थप्पी. अशा वेळीं यंत्र केवळ बिघाडाची सूचना देतें.

छताला चिकटविण्याचे साधे धूरशोधक असतांना ही खटपट कशासाठीं, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. धूर वर चढतांना पसरत व विरळ होत जातो. उंच छतावर एका जागीं बसलेल्या शोधकाला तो जाणवेल इतका दाट राहत नाहीं. म्हणूनच ब्रिटिश नियमांत साध्या शोधकांसाठीं सामान्यतः 10.5 मीटर उंचीची मर्यादा घातलेली आहे. लांब झोत मात्र त्या विरळ धुराच्या सगळ्या रुंदींतून आरपार जातो व वाटेंतील सर्व घट एकत्र मोजतो. असा एक झोत 100 मीटरपर्यंत लांब असूं शकतो आणि दोहों बाजूंस साडेसात मीटरपर्यंत राखण करतो.

कापसाच्या वखारीस हें विशेष लागू आहे. कापूस ज्वाला न दाखवितां तासन् तास धुमसतो. 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. धूर दुपारींच दिसूं लागला होता. जहाजावरील दारूगोळ्याचा पहिला स्फोट 4 वाजून 6 मिनिटांनीं झाला, आणि 66 अग्निशामक मृत्युमुखीं पडले. तेथें धूर पाहणारीं माणसें तरी होतीं. कुलूपबंद वखारींत रात्रीं तो पाहणार कोण?

यंत्र विकत घेणें सोपें, बसविणें कठीण. झोत सामान्यतः छताखालीं 60 सेंटिमीटरच्या आंत असावा. परंतु पत्र्याचें छप्पर उन्हानें तापलें, कीं त्याखालीं उष्ण हवेचा थर जमतो व धुमसणाऱ्या आगीचा थंड धूर त्याच्या खालींच तरंगत राहतो. विदर्भ-खानदेशचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे, त्यांना हें अधिक सांगणें नको. अशा ठिकाणीं दुसरा झोत खालच्या पातळीवर ठेवावा लागतो. पेटी विटांच्या भिंतीवर किंवा मुख्य खांबावर पक्की करावी, पत्र्यावर कधींच नाहीं. पेटी अर्धा अंश जरी कलली, तरी 100 मीटरांवर झोत सुमारें 87 सेंटिमीटर सरकतो. परावर्तकास असा थोडा कल सोसतो. म्हणून जी बाजू हलण्याचा संभव असेल, तिकडे तो लावावा.

मग झोत जुळविण्याचें काम. पेटीचे बारीक स्क्रू सावकाश फिरवून प्रकाशाचा आंकडा सर्वाधिक होईल तेथें ती घट्ट करतात. येथेंच पुष्कळ कारागीर शिडी उतरतात, आणि खरी परीक्षा राहून जाते. परावर्तक काळ्या, न चकाकणाऱ्या कापडानें पूर्ण झांकावा. आंकडा शून्याजवळ आला पाहिजे. तो आला नाहीं, तर झोत परावर्तकावरून परतत नसून वाटेंतील एखाद्या चकचकीत नळावरून परतत आहे असें समजावें. त्या नळापलीकडे वखार धुरानें भरली तरी यंत्र स्वस्थ बसेल, आणि दर्शनीं त्यावर हिरवा दिवा लागलेला असेल! यानंतर परावर्तकाचा थोडा, मग अधिक भाग झांकून गजर योग्य प्रमाणावर होतो कीं नाहीं हें पहावें. आधीं अग्निशामक दलास व पहारेकऱ्यांस वर्दी द्यावी.

भिंगांवर धूळ हळूहळू बसते. यंत्र आपण होऊन तिची भरपाई करतें, पण या भरपाईस सीमा आहे. ती गांठली कीं तशी सूचना मिळते व भिंगें मऊ फडक्यानें पुसावीं लागतात. कबुतरें व कोळ्यांचीं जाळीं यांचा उपद्रव निराळाच. चार वेळां खोटा गजर झाला, कीं पांचव्या वेळीं पहारेकरी बटनच बंद करून ठेवतो, आणि त्याला तरी दोष कसा द्यावा?

झोताभोंवतीं सर्व बाजूंनीं अर्धा मीटर जागा मोकळी असावी. किरण हमालांस दिसत नाहीं. म्हणून थप्पी जेथवर न्यावयाची, तेथें भिंतीवर पांढऱ्या रंगाची ठळक रेघ ओढून ठेवावी.