न झालेली मैफल

१९६९ सालच्या ऑक्टोबरची ७ तारीख. पूर्व जर्मनीचे राज्य त्या दिवशी २० वर्षांचे झाले. पूर्व बर्लिनमध्ये पताका लागल्या होत्या, सैन्याची संचलने झाली होती. पण काही शेकडा तरुण मुलेमुली या उत्सवाकडे पाठ फिरवून शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या भिंतीकडे निघाली. पलीकडे, पश्चिम बर्लिनमधल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ‘रोलिंग स्टोन्स’ हा इंग्रज गायकवादकांचा ताफा गाणार आहे, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती.

वार्ता खोटी होती. पश्चिम बर्लिनच्या नभोवाणीवरील एका निवेदकाच्या सहज बोलण्यातून ती निघाली, असे सांगतात. मूळ बोलणे थट्टेचे असो वा मनोराज्याचे, ऐकणाऱ्यांनी ते खरे मानले आणि ते कर्णोपकर्णी पसरत गेले.

ही मुले भोळसट होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. इमारत खरीच होती. श्प्रिंगर या वृत्तपत्रमालकाचे ते १९ मजली कार्यालय १९६६ साली अगदी भिंतीला खेटून उभे राहिले होते आणि पूर्वेकडून ते स्पष्ट दिसे. गच्चीवरची मैफल हीही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हती. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीला ‘बीटल्स’ लंडनमध्ये आपल्याच कचेरीच्या गच्चीवर गायले होते. जुलैत खुद्द ‘रोलिंग स्टोन्स’नी लंडनच्या हाइड पार्कमध्ये विनामूल्य कार्यक्रम केला होता. मग ऑक्टोबरात त्यांनी बर्लिनला का येऊ नये?

खातरजमा तरी कोठे करावयाची? पूर्वेकडच्या वृत्तपत्रांना विचारण्यात अर्थ नव्हता. १९६५ पासून तेथील सत्ताधाऱ्यांनी या संगीताचा उघड धिक्कार चालविला होता. त्याच वर्षी लाइपझिगमध्ये वाद्यवृंदांवर बंदी आली तेव्हा तरुण निषेधार्थ रस्त्यावर आले होते. अशा सरकारने ‘मैफल नाही’ असे छापले असते, तर ‘म्हणजे आहे!’ असाच अर्थ घेतला गेला असता.

सरकारने काही छापले नाही. पोलीस मात्र पाठविले. भिंतीकडे जाणाऱ्या वाटा अडविण्यात आल्या. गणवेशातले आणि साध्या वेषातले पहारेकरी जागोजाग उभे राहिले. ज्या वाटेच्या शेवटी पाहण्यासारखे काहीच नाही, तिच्यावर एवढा पहारा कशासाठी? आवईला यापेक्षा भक्कम पुरावा कोणी दिला नसता. शेकडो तरुण पकडले गेले. गच्ची रिकामीच राहिली. तो ताफा तेव्हा नोव्हेंबरातील अमेरिकेच्या दौऱ्याच्या तयारीत होता.

१९८७ च्या जूनमध्ये पश्चिम बर्लिनमध्ये राइशस्टाग इमारतीपुढे, भिंतीजवळच, मोठे संगीतसोहळे झाले. या वेळी ध्वनिवर्धकांचे सूर खरोखरच पलीकडे पोहोचत होते. ऐकायला जमलेल्या पूर्वेकडच्या तरुणांची पोलिसांशी पुन्हा झटापट झाली.

१९८९ च्या नोव्हेंबरात भिंत उघडली. पुढच्या वर्षी ‘रोलिंग स्टोन्स’ पूर्व बर्लिनमधील वाइसेनझे येथे खरोखरच गायले. तारीख होती १३ ऑगस्ट. भिंत घालायला सुरुवात झाली तीही १९६१ च्या १३ ऑगस्टलाच. १९६९ साली विशीत असलेली ती मुले आता चाळिशीला आली होती.