पहिल्या दहांत कोण?



या व्यासपीठावरून आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. वेबपानाच्या टेम्पलेटमध्ये लांबलचक यादीचा एक भाग दाखवायचा, एवढंच ते काम. विषय लहान वाटेल. पण आपल्या हातून घडणारं जवळजवळ प्रत्येक पान कुठली ना कुठली यादी कापूनच दाखवत असतं. ताज्या बातम्या, लाभार्थ्यांची नावं, दवाखाने, ग्रंथालयातली पुस्तकं, सगळीकडे तेच. पहिल्या पानावर जे दिसत नाही, ते पुष्कळांच्या लेखी नसतंच. म्हणून यादी कुठे कापायची आणि त्याआधी ती कशी लावायची, हा निर्णय कुणीतरी जाणीवपूर्वक घेतला पाहिजे, असं मला कळकळीनं सांगायचं आहे.

उदाहरणासाठी जँगो हा वेब-फ्रेमवर्क घेतो, कारण तो तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या वापरातला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करताना एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली त्याची सुरुवात केली आणि २००५च्या जुलैत तो सर्वांसाठी खुला झाला. टेम्पलेट हाताळणारा माणूस प्रोग्रॅमर असेलच असं नाही, हे ओळखून त्याची टेम्पलेट-भाषा मुद्दाम आटोपशीर ठेवली गेली. त्या भाषेत स्लाइस नावाचा फिल्टर आहे. यादीच्या नावापुढे उभी रेघ, मग स्लाइस, मग अवतरणात कोलन आणि पाच असं लिहिलं की पहिल्या पाच नोंदी मिळतात. दहा, कोलन, वीस लिहिलं की अकरावी ते विसावी. मोजणी शून्यापासून, डावा आकडा धरायचा, उजवा सोडायचा. ही रीत पायथनची. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२च्या एका टिपणात अशाच मोजणीची बाजू मांडली होती. उजव्या आकड्यातून डावा वजा केला की नोंदी किती ते कळतं, आणि एक तुकडा ज्या आकड्यावर थांबतो त्याच आकड्यावर पुढचा सुरू होतो. पण ही रीत सर्वत्र नाही. ट्विग या टेम्पलेट-भाषेतल्या स्लाइसचा दुसरा आकडा शेवट सांगत नाही, किती नोंदी हव्यात ते सांगतो. जिंजा या टेम्पलेट-भाषेत त्याच नावाचा फिल्टर यादी स्तंभांत वाटून देतो.

आता हा तुकडा नेमका कुठे पडतो ते पाहा. जँगोचा क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसकडे काय मागायचं याची मांडणी, आळशी असतो. व्ह्यूमधून, म्हणजे पानाची माहिती जमवणाऱ्या कोडमधून, तो टेम्पलेटकडे जातो तेव्हा डेटाबेसकडे काहीच मागितलेलं नसतं. टेम्पलेटमध्ये स्लाइस लागला की क्वेरीत लिमिट येते आणि डेटाबेस पाचच ओळी पाठवतो. उत्तम. पण त्याच टेम्पलेटमध्ये वरती कुणी ‘यादी रिकामी नसेल तर’ अशी साधी इफ लिहिली, की ती तपासण्यासाठी सबंध क्वेरीसेट स्मृतीत ओढला जातो. लेंग्थ फिल्टर लावला तरी तेच. त्यानंतरचा स्लाइस आणलेल्या ढिगातून पाच उचलतो. पान बरोबर दिसतं आणि लाख ओळी उगाच हलतात. ज्यानं इफ लिहिली त्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि त्याला दोष देणं अन्यायाचं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कापण्याचं काम व्ह्यूमध्ये करा, जिथे माहितीचा आवाका ठाऊक असतो. टेम्पलेटमध्ये फॉर आणि एम्प्टी पुरेत. टेम्पलेटमधला स्लाइस फक्त मांडणीसाठी ठेवा, म्हणजे हाती आलेल्या बारा नोंदींपैकी पहिल्या तीन मोठ्या चौकटीत आणि उरलेल्या खाली. आणखी एक कारण आहे. मर्यादा चुकीच्या लिहिल्या तर हा फिल्टर चूक दाखवत नाही. सगळी यादी जशीच्या तशी परत देतो. सीएसएसनं लपवलेल्या ओळीही ब्राउझरपर्यंत पोचलेल्याच असतात, पानाचा स्रोत उघडला की वाचता येतात. जे नाव कुणाला दिसू नये, ते टेम्पलेटपर्यंत येताच कामा नये.

क्रमाचा प्रश्न याहून मोठा आहे. ऑर्डर बाय न लिहिता लिमिट मागितली तर डेटाबेस कुठल्याही पाच ओळी द्यायला मोकळा असतो. आज एक पाच, उद्या दुसऱ्या. तारखेवर लावलं आणि एकाच क्षणी वीस अर्ज नोंदले गेले, तर त्या विसांचा आपसांतला क्रम ठरलेला नसतो. यादी पानांत वाटली असेल तर एखादा अर्ज दोन पानांवर येऊ शकतो आणि एखादा कुठेच येत नाही. तारखेच्या जोडीला प्राथमिक किल्ली लावली की हा प्रश्न सुटतो. वाचक पहिलं पान वाचत असताना वर नवी नोंद आली, तर दहावी नोंद सरकून दुसऱ्या पानाच्या माथ्यावर पुन्हा भेटते. एखादी नोंद पुसली गेली तर एक नोंद वाचकाच्या नजरेतून कायमची निसटते. बातम्यांच्या बाबतीत हे चालून जाईल, निवड-यादीच्या बाबतीत नाही. तिथे ऑफसेटनं ओळी वगळत जाण्याऐवजी शेवटच्या दिसलेल्या नोंदीच्या किल्लीपासून पुढे मागत जावं. ऑफसेट मोठा झाला की डेटाबेसला वगळायच्या ओळीही चालून जाव्या लागतात, तोही खर्च वाचतो.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण इथे आपल्या वतीनं दुसरं कुणी लक्ष घालणार नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. कावळे, काशीकर, कासार, काळे ही आपल्या क्रमानं लावलेली आडनावं. नुसत्या युनिकोडच्या संकेतांकांनी लावली तर काळे सगळ्यांच्या आधी येतात. पहिली तीन नावं दाखवायची असली तर एका क्रमात काळे गळतात, दुसऱ्यात कासार. ॲ ची गोष्ट अधिक गंभीर आहे. हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलं आणि त्याला ह च्याही पुष्कळ पुढची जागा मिळाली. गावाच्या सेवा-यादीत अग्निशमन, ॲम्ब्युलन्स, आरोग्य केंद्र अशा नोंदी आहेत असं समजा. संकेतांकांच्या क्रमात ॲम्ब्युलन्स थेट तळाशी जाते. पहिल्या दहा सेवा दाखवणाऱ्या पानावर ती नसते. कुणी तेच अक्षर अ आणि वर चंद्र असं दोन संकेतांकांनी टंकलं असेल, तर ती आ च्या आधी सापडते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. रात्री दोन वाजता मोबाइलवर ती यादी उघडणाऱ्या माणसाला आपण काय उत्तर देणार आहोत?

उपाय हाताशी आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे भाषावार क्रम वापरता येतात आणि त्यांत मराठीही आहे. मराठीचा क्रम स्तंभ घडवतानाच निवडावा आणि ॲ ची दोन रूपं साठवण्याआधी एक करून घ्यावी.

स्लाइस मजकुरावरही चालतो, तिथेही तो संकेतांकच मोजतो. ‘शिक्षण’ चारवर कापलं तर हाती ‘शिक्’ येतं. मथळे शब्दांवर कापावेत, एवढं सांगून पुढे जातो.

आणि वाचकाला सांगा. ‘२३४ पैकी पहिल्या १०, नोंदणीच्या तारखेनुसार’ ही एक ओळ यादीच्या माथ्यावर असली की आपण काय पाहतो आहोत आणि किती राहिलं आहे, हे त्याला कळतं. नुसता ‘आणखी पाहा’ पुरत नाही. मोजणीसाठी लेंग्थऐवजी व्ह्यूमध्ये काउंट वापरा; ती ओळ मग जवळपास फुकट पडते.

या संमेलनाकडून मला एक ठोस काम हवं आहे. मराठी क्रमाची चाचणी-यादी आपण मिळून करावी. ळ, ॲ, क्ष, ज्ञ, ऱ्या असलेली नावं, दोन तऱ्हांनी टंकलेली तीच अक्षरं, आणि प्रत्येकाची योग्य जागा. ती कुठल्याही प्रकल्पात फुकट घालता यावी. माझ्याकडची नावं मी संयोजकांकडे सोपवली आहेत. दुपारच्या सत्रात तुमच्या तालुक्यांतली गावं आणि आडनावं तिच्यात भरा.