धानाची बांधी, मजुराची बासी आणि महासागर



भिलाईत समुद्राविषयी बोलणे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि दुर्ग जिल्ह्यातील शेतकरी आषाढात आभाळाकडे डोळे लावतो, तेव्हा तो वस्तुतः समुद्राचीच वाट पाहत असतो. तांदुला धरणातून शेतांना आणि पोलाद कारखान्याला मिळणारे पाणी समुद्रावरून आलेल्या ढगांचेच असते.

तो समुद्र तापतो आहे. पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी पोटात घेतली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवून दिले की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. मोसमी वारे तापलेली भूमी आणि तुलनेने थंड समुद्र यांतील फरकावर चालतात. समुद्र तापला की तो फरक घटतो. मध्य भारताच्या पूर्व भागातील पावसाच्या घटीशी या तापण्याचा संबंध त्यांनी पुढल्याच वर्षी जोडला. या उष्णतेचे मुख्य मूळ कोळसा, तेल व वायू यांच्या ज्वलनात आहे, आणि भिलाईच्या झोतभट्ट्याही त्या हिशेबातून सुटत नाहीत, हे येथेच सांगितले पाहिजे.

परंतु अन्नाचाही वाटा आहे. बांधीत पाणी उभे राहिले की चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील सूक्ष्म जीवाणू मिथेन निर्माण करतात आणि तो मुख्यतः धानाच्या पोकळ देठांतून हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कर्बवायूच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो. मग 'धानाच्या कटोऱ्या'ने भात सोडावा काय? मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनमध्ये भातशेतीचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आहे. पशुपालनाचा त्याच्या तिपटीहून अधिक. धनाढ्य देशांतील गोमांसप्रधान आहार आणि रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिठाबरोबर खाल्लेली मजुराची बासी यांना एकाच तराजूत घालणे हा शास्त्राच्या नावाखाली केलेला अन्याय होय. (१ मे २०२२ रोजी छत्तीसगड सरकारने कामगार दिनी बोरे बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मंत्र्यांनीही ती खाल्ली. मजुराच्या घरी ती रोजचीच होती.)

कोदो-कुटकीला उभे पाणी लागत नाही. हलक्या, चढाच्या जमिनीतही ती पिकते. राज्य सरकारने २०२१ साली तिला क्विंटलमागे ३००० रुपये भाव जाहीर केला. २०२३ साली धानाला मात्र ३१०० रुपये, तेही एकरी २१ क्विंटलपर्यंत, देण्याचे ठरले. कोदोचे एकरी उत्पन्न धानाच्या मानाने फारच थोडे. अशा स्थितीत शेतकऱ्याने काय पेरावे, हा निर्णय खरेदी केंद्रावरच झालेला असतो. ताटातील 'निवड' त्यानंतरची.

धान राखूनही मिथेन कमी करता येतो. बांधीतील पाणी मधूनमधून आटू द्यायचे, मग पुन्हा भरायचे. यामुळे मिथेन निम्म्याच्या आसपास घटतो आणि पाणीही वाचते. पण त्यासाठी पुढचे पाणी वेळेवर मिळण्याची हमी लागते. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील ज्या शेतकऱ्याला पुढची पाळी कधी येईल हे ठाऊक नाही, तो आज बांधीत साचलेले पाणी आटू देणार नाही.