न सापडलेली चार जनुकं



१९८२ साली ‘अ‍ॅल्विन’ ही छोटी अमेरिकन पाणबुडी पूर्व प्रशांत महासागरात २,६०० मीटर खोल उतरली. तिथे समुद्रतळाच्या भेगांमधून तापलेलं, खनिजांनी भरलेलं पाणी उसळतं आणि त्या खनिजांची धुराडी उभी राहतात. अशा एका धुराड्याच्या बुडाशी उचललेल्या गाळात एक सूक्ष्मजीव मिळाला. डेअरीतल्या दुधाच्या पाश्चरीकरणाला ७२ अंश सेल्सिअस पुरतात. या महाशयांना मात्र ८५ अंश मानवतात! हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर त्याची गुजराण चालते, मिथेन तो बाहेर टाकतो आणि प्राणवायू त्याला सोसत नाही. सागरी सूक्ष्मजीवांचे अभ्यासक होल्गर यानाश यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं मिथॅनोकॉकस यानाशी.

या जंतूच्या कुळाचा वाद आधीपासूनच पेटलेला होता. इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोस यांनी जॉर्ज फॉक्स यांच्याबरोबर १९७७ साली सांगितलं होतं, की मिथेन बनवणारे हे जंतू जीवाणू नव्हेतच. सजीवांची ही तिसरीच शाखा आहे. तिला पुढे आर्किया म्हणू लागले. वोस यांचा पुरावा रायबोसोममधल्या आरएनएचा, म्हणजे पेशीतल्या एकाच रेणूचा. तेवढ्यावर जीवसृष्टीची नवी वाटणी करायला अनेकांचं मन धजेना.

मग जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेनं यानाशीचा सगळा डीएनए वाचायला घेतला. डीएनएचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि सारखी टोकं जुळवत संगणकावर अख्खा क्रम उभा करायचा, अशी ही रीत. ऑगस्ट १९९६मध्ये निकाल छापून आला. मुख्य गुणसूत्रात सुमारे १६ लाख ६५ हजार अक्षरं होती आणि एकूण १,७३८ जनुकं. पोटापाण्याची, म्हणजे चयापचयाची जनुकं बरीचशी जीवाणूंच्या वळणाची निघाली; पण डीएनएची नक्कल करणारी आणि प्रथिनं घडवणारी यंत्रणा थेट आपल्या पेशींशी नातं सांगणारी! वोस यांच्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला.

परंतु मला मोलाचं वाटतं ते जनुकांच्या त्या यादीत जे सापडलं नाही ते. प्रथिन घडवताना प्रत्येक अमिनो आम्ल त्याच्या वाहक आरएनएवर चढवणारं एक विकर लागतं. अशा वीस विकरांपैकी चारांची जनुकं दिसेनात. लायसिनचं विकर त्यांतलंच. लायसिनवाचून तर यानाशीचं भागत नव्हतं, मग हे काम करत होतं कोण?

उत्तर मिळालं वर्षभरानं. संशोधकांनी यानाशीच्या एका भाऊबंदाच्या पेशी वाढवल्या, त्यांतून लायसिन चढवणारं विकर वेगळं काढलं आणि त्याचा क्रम वाचला. तो जुळला यानाशीच्याच एका निनावी जनुकाशी! जनुक यादीत पहिल्यापासून होतं. पण त्याची घडण ओळखीच्या विकरांहून इतकी वेगळी, की संगणकाला ते कळलंच नाही.

१९९६मध्ये या जंतूच्या जेमतेम ३८ टक्के जनुकांचं काम खात्रीनं सांगता आलं होतं. संगणक नव्या जनुकाला माहीत असलेल्या जनुकांशी ताडून बघतो; ज्याला जोडच नाही, त्यापुढे तो हात टेकतो. तिथून पुढे खात्री करायची तर प्रथिनच हाती घ्यावं लागतं. म्हणून जनुकसंच वाचून झाला अशी बातमी कानावर आली, की त्यातल्या किती जनुकांचं काम कळलं, हे जरूर विचारावं.