आजीबाईंची लेखणी

१९३४ सालीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकाचा पहिला भाग छापून निघाला, त्या वेळीं लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांनीं वयाचीं ६६ वर्षें पुरीं केलीं होतीं. घरांत मुलगा, सून, नातवंडें असा परिवार. या वयांत आजीबाईंनीं नातवंडांना गोष्टी सांगाव्या, ही आपल्याकडील रीत. लक्ष्मीबाईंनीं आपली गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला सांगितली; आणि श्रोतेहो, ती ऐकून अजून कोणाची तृप्ति झालेली नाहीं.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचें नांव मनकर्णिका, आडनांव गोखले. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमींत फांशीं दिलें गेलें, आणि त्या धक्क्यानें जांवयानें, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनीं, सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं. मीठसुद्धां त्याला अपवाद नाहीं. धुतलेलें मीठ किती उरत असेल, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. लक्ष्मीबाई ही हकीकत सांगतात ती हंसत हंसत. पण त्या घरांत आईचे काय हाल झाले असतील, तें वाचणाऱ्यास कळल्यावांचून राहत नाहीं.

१८८० सालीं त्यांचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळक कवि, विद्वान्, मनाचे मोठे उदार. संसाराला मात्र असा माणूस म्हणजे परीक्षाच! हातचा पैसा गरजवंताला देऊन मोकळे व्हावयाचें, लहर लागली कीं न सांगतां गांव सोडावयाचें. बायकोला लिहावयावाचावयास शिकविलें तेंहि त्यांनींच. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पत्नीच्या वांट्यास आला तो कांहीं वर्षांचा वियोग आणि लोकांचीं बोलणीं. मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. पुढें पतीकडे परतल्या, तरी सोवळें लगेच सुटलें नाहीं. पाणी वेगळें, चूल वेगळी. अखेर विचार करतां करतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, जाति माणसांनीं केल्या, देवानें नव्हे. मग मात्र कोणाच्याहि हातचें पाणी पिण्यास त्या कचरल्या नाहींत. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्याच्या मुलीला हें अंतर लहान नव्हतें, आणि नवऱ्याच्या आज्ञेनें तें काटतां आलें नसतें. त्या स्वतःच्या बुद्धीनें चालत गेल्या. पुढें नगरच्या वास्तव्यांत त्यांनीं अनाथ मुलांना घर दिलें आणि प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषाहि केली.

१९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें ओवीबद्ध महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबलें होतें. पंडितानें आरंभिलेलें काव्य पन्नाशीच्या विधवेनें हातीं घ्यावें, हें त्या काळच्या विद्वानांना धाडसच वाटलें असेल. परंतु ओवी हें पंडितांचें वृत्त आहे कोठें? तें जात्यावरचें वृत्त. बायकांच्या कानांत तें जन्मापासून भिनलेलें असतें. शिवाय लक्ष्मीबाई कीर्तनें करीत, तेव्हां कथा कशी रंगवावी हेंहि त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं पुढचे ६४ अध्याय लिहिले.

‘स्मृतिचित्रें’ जन्मास आलीं तींहि दुसऱ्याच्या कामासाठीं. मुलगा देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं आईनें आठवणी लिहून द्याव्या, एवढाच मूळ हेतु. आई लिहूं लागली, आणि चरित्राच्या सामुग्रीचें आत्मचरित्र झालें! तें वाचतांना व्याकरणाचा शिक्षक लाल शाईची दौत बाजूस ठेवील. वाक्यें आखूड, शब्द घरांतले, उपमा चुलीपाशीं सांपडलेल्या. संस्कृत समासांनीं जड झालेल्या मराठी गद्याला कित्येक पदवीधरांनीं दिली नाहीं ती मोकळीक या आजीबाईंनीं दिली.

आणखी एक गोष्ट त्याहून कठीण. नवऱ्याचें नांवहि घेऊं नये, त्याचे दोष तर दूरच, अशा शिकवणींत त्यांची पिढी वाढली. लक्ष्मीबाईंनीं टिळकांचा तापटपणा सांगितला, लहरी सांगितल्या, त्यांच्या औदार्यानें घरांत पडलेली उपासमार सांगितली. आणि तरीहि पुस्तक मिटतांना वाचकाला टिळक आवडूं लागलेले असतात. आपलें अज्ञान, आपले हट्ट, आपले रुसवे यांवर तर त्या मनसोक्त हंसतात. निष्ठा म्हणजे डोळे मिटणें अशी समजूत ज्या घरांत असेल, तेथें हें पुस्तक सासूनें आणि सुनेनें एकत्र बसून वाचावें. कांहीं थोर पुरुषांच्या पत्नींनींहि आठवणी लिहिल्या आहेत. पण त्यांत देव्हाऱ्यांतली मूर्ति दिसते, जेवावयास बसलेला माणूस क्वचितच दिसतो.

१९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस लक्ष्मीबाई नाशिकास वारल्या. ‘ख्रिस्तायन’ पुरें छापलेलें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. शेवटचा, ७६ वा अध्याय देवदत्तांनीं लिहिला आणि १९३८ सालीं ग्रंथ बाहेर पडला. ‘स्मृतिचित्रें’ पुढें ज्यांनीं संपादून पुन्हा वाचकांच्या हातीं दिलीं, ते अशोक देवदत्त टिळक या आजीबाईंचे नातू.