भाव तोच, माल कमी



महागाईचा विषय निघाला की आपण प्रथम वाण्याला नावे ठेवतो. आज मी त्याची थोडी बाजू घेणार आहे. सुटा तांदूळ वा तूरडाळ महागली की तो पाटीवरचा भाव पुसून नवा लिहितो. तुम्ही कुरकुर करता, दोन किलोऐवजी दीड किलो घेता, नाही तर पुढच्या दुकानी जाता. यात लपवाछपवी नाही. हदीसमध्ये दोन प्रसंग आहेत. भाव चढले तेव्हा लोकांनी हजरत पैगंबरांकडे (स.) भाव बांधून देण्याची मागणी केली, ती त्यांनी मान्य केली नाही. मात्र बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घातला असता आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, म्हणून त्यांनी विक्रेत्याला सुनावले. हा फरक ध्यानात ठेवावा.

आता बांधीव पुडा घ्या. त्यावर छापलेल्या कमाल किमतीहून एक पैसा अधिक दुकानदाराला घेता येत नाही. खर्च वाढला की कारखानदार पुष्कळदा किमतीला हात न लावता वजनाला लावतो. पाच रुपयांच्या नाण्याची ग्राहकाला लागलेली सवय मोडण्याची त्याला धास्ती असते. समजा, पाच रुपयांच्या पुड्यात ६० ग्रॅमऐवजी ५० ग्रॅम बिस्किटे आली. भाव २० टक्क्यांनी वाढला! तोच पुडा सहा रुपयांना केला असता तरी वाढ तेवढीच. पण त्या एका रुपयासाठी तुम्ही दुकानात भांडला असता. दहा ग्रॅमसाठी कोण भांडतो? वजन पुड्यावर छापलेले असते, म्हणून कायद्याने ही फसवणूक नव्हे. तरी भिजलेले धान्य तळाशीच राहिले, असे मला वाटते.

पूर्वी काही वस्तू ठरावीक वजनातच बांधण्याचे बंधन होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते उठवले, आणि पुड्यावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला काय भाव पडतो तो छापण्याचा नियम आणला. तो आकडा आपल्यापैकी कितीजण वाचतात? अक्षर बारीक, आणि चष्मा घरी! तेव्हा बाजाराला जाताना सातवीतल्या मुलीला सोबत न्या. शाळेत शिकलेले त्रैराशिक तिथे कामी येईल. मोठा पुडा नेहमी स्वस्तच पडतो, ही आपली समजूतही ती मिनिटभरात तपासून देईल. आणि वजन घटलेले दिसले तर त्या वाण्यावर राग काढू नका. तक्रारीसाठी पत्ता आणि फोन नंबर पुड्यावरच छापलेला असतो, तिकडे लिहा.