तुटलेला हात आणि सहा तास



धानाचं चुरणं आटोपत आलंय. बांधीतले पुंजणे उठले, तणस घराशी आलं. मळणी यंत्रात आणि कुट्टी मशीनमध्ये हात सापडतात ते याच दिवसांत. म्हणून तुटलेला हात परत जोडता येतो, हे मला एकोडीतच येऊन सांगायचं होतं.

जानेवारी 1963 मध्ये शांघायच्या एका कामगाराचा उजवा हात यंत्राखाली मनगटाच्या वर तुटला. डॉ. चेन झोंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जोडला. त्याच्या आदल्याच वर्षी बोस्टनमध्ये डॉ. रोनाल्ड माल्ट यांनी 12 वर्षांच्या एका मुलाचा दंडातून तुटलेला हात जोडला होता.

आपण सगळ्यालाच ‘शीर’ म्हणतो. सर्जनपुढे मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात: रक्त वाहणारी नळी, बोट ओढणारी दोरी आणि स्पर्श पोचवणारी तार. आधी हाड थोडं आखूड करून बसवतात. लोकांना याचं नवल वाटतं. पण हाड आखूड केलं, तरच या तिन्हींची तुटलेली टोकं ताण न पडता एकमेकांना भिडतात. मग सूक्ष्मदर्शक पुढे येतो. मनगटातली रक्तवाहिनी दोन-तीन मिलिमीटरची, बोटातली जेमतेम एका मिलिमीटरची, आणि टाक्याचा धागा केसाहून बारीक. शेवटचा टाका पडला की वाहिनीवरचा चिमटा सोडायचा. तोवर मेणासारखा पांढरा पडलेला तळवा हळूहळू गुलाबी होतो. बोटाच्या टोकाला सुई टोचली की लालभडक थेंब येतो. तो थेंब दिसेपर्यंत आम्ही सर्जन कुणी बोलत नाही.

स्पर्श मात्र सावकाश येतो. स्पर्शाची तार, म्हणजे मज्जातंतू, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने आणि वर.

चिरडलेला हात पुष्कळदा जोडता येत नाही. मुंबईत 2014 च्या रेल्वे अपघातात एका तरुणीचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट 2020 मध्ये तिला दात्याचे हात बसवले गेले. दुसऱ्याचा हात शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. स्वतःच्या हाताला ती लागत नाहीत, म्हणून तोच वेळेत वाचवायला हवा.

रक्ताविना स्नायू साधारण सहा तास तग धरतो. थंड ठेवला तर आणखी काही तास मिळतात. एकोडीहून साकोली, भंडारा करत नागपूर गाठायला शंभरेक किलोमीटर. तेव्हा वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. जखमेवर स्वच्छ दुपट्टा घट्ट दाबून धरा, हात वर उचलून ठेवा, 108 ला फोन करा. हळद, चुना काही लावू नका. हात थोड्याशा कातडीवर लोंबत असेल, तर तोडू नका. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवाल, तर मांस गोठून जळतं आणि हात वाया जातो. घाबरलेल्या माणसाच्या हातून नेमकं हेच होतं, म्हणून पुन्हा सांगतो: थेट बर्फावर नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर 1 लाख रुपये मिळतात. ते जरूर घ्या. पण हात शाबूत राहावा, यासाठीही कायदा आहे. मळणी यंत्रांसाठी 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. भारतीय मानक सांगतं, की पेंढी सरकवायचं तोंड किमान 90 सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातलं किमान 45 सेंटिमीटर वरून झाकलेलं हवं. 45 सेंटिमीटर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपल्या आजोबांच्या मापाचा एक हात.

यंत्र भाड्याने आणाल तेव्हा ते सुरू होण्याआधी झाकलेल्या भागावर बाहेरून हात ठेवून मोजा. एक हात भरलं नाही, तर यंत्र परत पाठवा.